तारूची झडती

ते वाक्य मी लिहिलेलं नव्हतं. काचेपलीकडे कानांवर तिच्या डोक्यापेक्षा मोठे वाटणारे हेडफोन लावून माझी नात जुईली उभी होती, समोरच्या स्टँडवर माझ्याच अक्षरातला कागद होता आणि त्यावर एवढंच होतं, "माझ्या पिशवीत काही नाही, काका." ते तिनं नीट म्हटलं. मग श्वास घेतला आणि घरात बोलावं तितक्या सहज म्हणाली, "थांबा, मीच ओतून दाखवते. म्हणजे तुम्हाला विचारायला नको." मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं, भिंतीला डकवलेला काळा स्पंज होता. माझ्या शेजारी बसलेल्या अमोघनं टेबलावर थाप मारली आणि ओरडला, "सर, हे सोनं आहे! हे तुम्ही ऐनवेळी टाकलंत?" मी मान हलवली. ती हो होती की नाही, ते त्याला कळलं नसावं, आणि मलाही ते त्याला कळू द्यायचं नव्हतं.

हिंजवडीजवळच्या जांब्यात एका मेसच्या वर, पहिल्या मजल्यावरचे दोन फ्लॅट एक करून या मुलांनी आपली कंपनी थाटली आहे. आवाज घेण्याची खोली म्हणजे त्यातल्या एका फ्लॅटचं स्वयंपाकघर. स्पंजाच्या मागे अजून टाइल्स आहेत आणि खालच्या मेसमधली फोडणी मधूनमधून वर येते, तेव्हा सगळे थांबतात. ते एक खेळ बनवतात. खेळातलं जग संपून अकरा वर्षं झालेली आहेत, पाणी विषारी आहे, शहरं रिकामी आहेत. चित्रं काढणाऱ्या पोरांनी लवासात चार दिवस फिरून फोटो काढले, तळ्याकाठच्या अर्धवट इमारती जशाच्या तशा घेतल्या, फक्त आकाश पिवळं केलं. या जगातून एक माणूस चालतो, तो म्हणजे खेळणारा. त्याच्याबरोबर नऊ वर्षांची एक मुलगी चालते, तिचं नाव तारू. खेळणारा जसा वागेल तशी तारू घडत जाते. त्यानं भुकेल्याला हाकललं, तर पुढच्या गावात तारू हाकलते. त्यानं खोटं बोलून पाणी मिळवलं, तर काही दिवसांनी तारू त्याच्याशीच खोटं बोलते. म्हणून तिचं प्रत्येक वाक्य तीन रकान्यांत लिहायचं: विश्वास असलेली तारू, धाकातली तारू, संशयी तारू. हे लिहायला त्यांना मराठी मुलांची बोली माहीत असलेला माणूस हवा होता. मी सेलू तालुक्यात चौतीस वर्षं मराठी शिकवलं. माझा मुलगा निषाद हिंजवडीत नोकरीला आहे आणि अमोघ पूर्वी त्याच्या हाताखाली होता. म्हणजे हे काम मला निषादनं मिळवून दिलं. ते त्यानं का मिळवून दिलं, हा प्रश्न मला सहा महिन्यांत एकदाही पडला नव्हता. त्या क्षणी पडला.

तारूचा आवाज देणारी मुलगी आजारी पडली म्हणून दोन आठवड्यांपूर्वी अमोघच म्हणाला होता, तुमच्या नातीला आणा ना सर. नात नऊ वर्षांची आहे हे त्याला कोणी सांगितलं? मीच सांगितलं असेल. झडतीचा प्रसंगही माझा नव्हता. तो अमोघनं दिला होता: छावणीतली एक बाई म्हणते, तुमच्या पोरीनं माझं औषध घेतलं. खेळणाऱ्यानं ठरवायचं. तारूला विचारायचं, बाईला गप्प करायचं, की तारूची पिशवी सगळ्यांसमोर तपासायची. हा प्रसंग मी दोनदा वाचला होता, पण असे प्रसंग कोणालाही सुचतात, असं म्हणून मी लिहायला बसलो होतो. आणि गंमत अशी की धाकाच्या रकान्यातली वाक्यं मला एका बैठकीत सुचली. विश्वासाच्या रकान्याला आठ दिवस लागले आणि तरी अमोघ म्हणाला, "सर, ही तारू थोडी पाठ्यपुस्तकातली वाटते. ती दुसरी एकदम जिवंत आहे. कुठून आणता?" मी हसलो होतो. आता वाटलं, तो मला चाचपून पाहत होता.

"हे आपण ठेवायचंच," अमोघ म्हणत होता. "एकदा झडती झाली की त्यानंतर प्रत्येक छावणीत तारू स्वतःहून पिशवी ओतणार. कोणी न सांगता. प्लेयरला वाटणार, वा, शहाणी झाली!"

"आणि पुढे तो तिच्याशी चांगला वागला तर? मग थांबते का ती?"

"नाही सर. तसली खूण एकदा लागली की लागली. खेळ संपेपर्यंत."

रिक्षात जुईली शाळेचं दप्तर मांडीवर घेऊन बसली होती, कारण शाळेतूनच मी तिला आणलं होतं. जांब्याहून घरी, नांद्याकडे येताना रस्ता खणलेला होता आणि सिमेंटच्या मिक्सरमागे आम्ही बराच वेळ अडकलो. मी अगदी दुसरीकडे बघत विचारलं, "जुई, ते ओतून दाखवायचं तुला छान सुचलं. कुठं ऐकलंस?" ती म्हणाली, "असंच." असंच हा निषादचा शब्द. लहानपणापासूनचा. गुडघा कसा फुटला, असंच. जेवला का नाहीस, असंच. मी म्हटलं, "बाबानं गोष्ट सांगितली का कुठली? तो लहान असतानाची?" ती म्हणाली, "बाबा गोष्टी नाही सांगत. आई सांगते." म्हणजे अनुष्काला, माझ्या सुनेला, माहीत आहे. मग मी रिक्षा थांबवून तिला उसाचा रस पाजला आणि ग्लास अर्धा झाल्यावर, शिक्षकांना ही वेळ बरोबर कळते, परत विचारलं, "आईनं कुठली गोष्ट सांगितली?" तिनं सांगायला घेतलं, ती एका हत्तीची होती. मध्येच थांबून तिनं माझ्याकडे बघितलं आणि दप्तराचा पट्टा हातात घट्ट धरला. मी पोलिसासारखा बोलत होतो आणि तिला ते कळलं होतं.

सांगून टाकतो. निषाद पाचवीत होता, माझ्याच शाळेत. तालुक्याच्या क्रीडा स्पर्धा दोन दिवसांवर होत्या आणि खेळांचं काम माझ्याकडे होतं. शाळेचं एकुलतं एक थांबतं घड्याळ, वरचं बटण दाबलं की काटा थांबणारं, माझ्या ताब्यातून नाहीसं झालं. निषादला त्या घड्याळाचं वेड होतं. श्वास किती वेळ कोंडता येतो, पायऱ्या किती सेकंदांत उतरता येतात, माठातलं पाणी किती वेळात पेल्यात येतं, सगळं तो त्यावर मोजायचा. वर्गात एक्केचाळीस मुलं होती. झडती घ्यायची तर सगळ्यांची घ्यायला हवी होती. मी म्हणालो, सुरुवात माझ्या घरापासून. निषादला पुढे बोलावलं आणि त्याचं दप्तर टेबलावर उपडं केलं. वह्या, कंपास, चिंचेचे आकडे, एक मेलेला सोनकिडा काड्यापेटीत ठेवलेला. मुलं त्या किड्याला हसली. घड्याळ निघालं नाही. मग मी त्याचे खिसेही पाहिले. मग थांबलो. बाकीच्या चाळिसांची झडती घेतलीच नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुधा मला घड्याळ हवं नव्हतं, मी कसा आहे ते दिसायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मुख्याध्यापक शरदचंद्र सर सगळ्या शाळेसमोर म्हणाले, पोटच्या मुलाचीही गय न करणारा शिक्षक आपल्याकडे आहे. टाळ्या झाल्या. निषाद तिसऱ्या रांगेत होता. त्यानंही वाजवल्या.

त्या दिवसापासून तो शाळेतून आला की सतरंजीवर दप्तर ओतायचा. कोणी सांगितलं नव्हतं. सगळं ओतून अर्धं पाऊल मागे सरकून उभा राहायचा, मी पाहीपर्यंत. मी मान हलवली की भरायचा. मला वाटलं, मुलाला शिस्त लागली. मी ते लोकांना कौतुकानं सांगितलंही आहे. त्याची आई, रत्ना, साधी बाई. शाळेत झालं ते तिनं बायकांकडून ऐकलं आणि मुलानं ते घड्याळ कुठं तरी दडवलंच असणार असं तिच्या मनानं धरलं. मग घरात कात्री सापडेना, टॉर्च सापडेना, की ती आतूनच हाक मारायची, "निषाद, कुठं ठिवलास रे?" रागानं नाही. सवयीनं. मी ती सवय कधी मोडली नाही.

लिलाबाई आमच्याकडे भाकरी-पोळ्या करायला येतात. वरच्या, धरणाकडच्या वाडीवरून जीपनं खाली उतरतात, तीन घरं करतात, पाचला परत जातात; कधी दुपारी जमलं नाही तर संध्याकाळी येऊन आठच्या जीपनं जातात. त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा त्या कणीक मळत होत्या. जुईली दप्तर घेऊन आत गेली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. मला ठाऊक होतं, ज्या घरात माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, त्या घरातलं सगळं भाकरी थापणाऱ्या बाईला माहीत असतं.

"लिलाबाई, माझ्या माघारी घरात माझ्याबद्दल काही बोलणं होतं का?"

त्यांनी वर पाहिलंही नाही. "मला काय ठावं आजोबा? मी भाकरी थापती का कान लावून बसती?"

"जुनं काही? निषाद लहान असतानाचं? शाळेतलं?"

"न्हाई बा. तुमचं साहेब तर बोलतच न्हाईत. आलं की ती पिशवी टेबलावर वतायची, मागं सरून उभं ऱ्हायचं, मंग परत भरायची. लई दिस बघतिया मी, सांजच्याला येती तवा. पोरगीबी तसंच करती, शाळंतनं आली की. बघा की आत जाऊन." त्यांनी पिठाचा हात पाटावर पुसला. "मला वाटलं, तुमच्यात रीतच हाय. येकेकाच्या घरात असती. इचारलं न्हाई मी."

मी आत जाऊन तिच्या खोलीच्या दाराशी थांबलो. जुईलीनं दप्तर पलंगावर ओतलं होतं. वह्या एकीकडे, डबा, पाण्याची बाटली, रंगीत खडू, शिंपल्यासारखं काही तरी, सगळं नीट पसरून ती थोडी मागे उभी होती. खोलीत कोणी नव्हतं. ती कोणासाठीही उभी नव्हती. दोन श्वास ती तशी उभी राहिली आणि मग वाकून भरायला लागली. दोन वर्षं झाली मला या घरात येऊन, रत्ना गेल्यापासून. ही रोज दोनला येते आणि दोनला मी झोपलेला असतो. निषाद सातला येतो आणि सात ते आठ मी खाली सोसायटीच्या बागेत चकरा मारतो. त्या चकरा मला त्यानंच लावून दिल्या. बाबा, सातला खाली जात जा, तेव्हा हवा बरी असते, असं म्हणाला होता. हवा सातला कशी बरी असेल? तेव्हा तर हिंजवडीतून परतणाऱ्या गाड्यांचा सगळा धूर बागेत उतरतो. म्हणजे कोणी कोणाला काही सांगितलेलं नव्हतं. अमोघला नाही, अनुष्काला नाही, या मुलीला तर नाहीच. दुपारपासून मी ज्याच्या मागावर होतो तो चुगलखोर नव्हताच. मला बरं वाटायला हवं होतं. मी पलंगाच्या कडेवर बसलो आणि ती एकेक वस्तू दप्तरात टाकताना बघत राहिलो.

संध्याकाळी मी खाली गेलो नाही. जेवणाच्या टेबलाशी बसून राहिलो. अनुष्का घरूनच काम करते, तिचं लॅपटॉपवरचं बोलणं आतून ऐकू येत होतं. सातला दारात किल्ली फिरली. निषाद आत आला, मला पाहिलं आणि दारातच थांबला.

"आज खाली नाही गेलात?"

"नाही."

त्यानं बूट काढले. पिशवी खांद्यावरून काढली नाही. पाणी प्यायला, फ्रिजचं दार उगीच उघडून बंद केलं. लिलाबाईंनी फोन केला असेल का, असं माझ्या मनात आलंच. मन थांबत नव्हतं. तेवढ्यात जुईली आली, "बाबा, ओता ना लवकर, मला तुमचा काळा पेन हवाय." तो तिच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं पिशवी टेबलावर घेतली आणि एकेक वस्तू काढली, ओतली नाही. लॅपटॉप, चार्जर, डबा, चष्म्याचं घर, खोकल्याच्या गोळ्या, दोन पेन. बाजूचा कप्पा हातानं उलटा करून बाहेर काढला, रिकामं अस्तर दिसेल असा. आणि एक्केचाळीस वर्षांचा, कानशिलांवर पांढरा झालेला माझा मुलगा अर्धं पाऊल मागे सरकला.

"निषाद," मी म्हणालो, "ते घड्याळ मला सापडलं होतं."

त्यानं कोणतं म्हणून विचारलं नाही.

"दिवाळीच्या सुट्टीत. माझ्या रेनकोटात. खिशाला भोक होतं, अस्तरात खाली गेलं होतं. मीच मैदानावरून आणलं होतं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "कपाटात तुम्ही जुन्या पेपरांच्या गठ्ठ्याखाली ठेवलं होतंत. मी पाहिलं होतं. मग एक दिवस ते तिथं नव्हतं."

"दुधनेत टाकलं मी. पुलावरून."

"हं."

"पाहिलं होतंस तर बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल असं वाटलं." तो काळा पेन बोटांत फिरवत होता. "शाळा परत सुरू झाली की बोलाल, असं आधी वाटलं. मग वार्षिक परीक्षेनंतर. मग मी परभणीला होस्टेलवर जायला निघालो तेव्हा बसस्टँडवर. नोकरी लागली तेव्हा. मग मी वाट बघतोय हे मीच विसरलो."

अनुष्का दारात येऊन उभी होती. तिनं जुईलीला हात केला, चल आत. मी म्हणालो, "राहू दे तिला." का म्हणालो ते माहीत नाही, पण म्हणालो. मग निषादनं मान वर केली. त्याचा आवाज अगदी साधा होता, वीजबिल भरलं का असं विचारावं तसा.

"आईला सांगितलं होतंत?"

हो म्हणणं किती सोपं होतं. रत्ना नव्हती. शरदचंद्र सर नव्हते. या जगात एकही माणूस उरला नव्हता, जो मला खोटं पाडू शकला असता. आणि ते हो त्याच्या उपयोगाचं होतं, हेही मला दिसत होतं. त्याच्या आईनं शेवटच्या आजारात, भूल उतरत नसताना, चष्मा सापडेना तेव्हा त्याच्याकडेच पाहिलं होतं. तो बाजूला उभा होता. आपली आई सत्य जाणून गेली, एवढं जर त्याला मिळालं असतं, तर त्यात कोणाचं काय बिघडलं असतं? मी तोंड उघडलं. आणि तेवढ्यात मनात आलं, याला उत्तर माहीत आहे. हा मला पाहतोय, मी काय करतो ते. या संशयामुळेच मी खरं बोललो, की तो आला नसता तरी बोललो असतो, हे मला कधीच ठरवता येणार नाही.

"नाही," मी म्हणालो. "शेवटपर्यंत नाही."

पेन त्यानं जुईलीच्या हातात दिला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत गेला. दार लावण्याचा आवाज मोठा नव्हता. अनुष्का क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. ती नेहमी काही तरी बोलून वेळ निभावून नेते, पण तिनं टेबलावरचा डबा उचलला, मग परत ठेवला आणि त्याच्या मागे गेली. टेबलावर निषादचं सगळं सामान तसंच पसरलेलं राहिलं. आतून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मी कान दिले, आणि कान देतोय हे लक्षात येऊन कुठं बघावं ते कळेना.

जुईली टेबलापलीकडे उभी होती. पेनचं टोपण तिनं काढलं, लावलं.

"आजोबा, म्हणजे बाबांनी नव्हतं घेतलं."

"नाही."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो. पण झडतीनंतर कळलं. त्याआधी नाही. आणि कळल्यावर मी लपवलं."

"मग तुम्हाला कोण ओरडलं?"

"कोणीच नाही."

"शाळेत पण नाही?"

"शाळेत माझं कौतुक झालं होतं. टाळ्या वाजवल्या."

तिच्या चेहऱ्यावर आजवर माझ्यासाठी जे होतं, गोष्टी लिहिणारे आजोबा, रिक्षातून नेणारे आजोबा, ते हळूहळू बाजूला सरत होतं. तिथं जे येत होतं ते मी वर्गात बऱ्याच मुलांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे, पण ते दुसऱ्या कोणासाठी असायचं. रिक्षात दुपारी मी तिच्याकडे असंच पाहिलं होतं बहुधा. तिनं खुर्ची ओढली, बसली, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली.

"आणि अजून काय काय सापडलं होतं तुम्हाला?" तिनं विचारलं.

काहीच नाही, असं माझ्या जिभेवर तयार होतं. ते मी तिथंच धरलं. आतलं बोलणं थांबलं होतं, म्हणजे तेही ऐकत असावेत, किंवा नसावेत. मी तिच्या समोरच्या खुर्चीवर सरळ बसलो आणि नोकरीच्या पहिल्या वर्षापासून आठवायला लागलो.